बर्टीच्या मुठीचं माप

दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या आठवणी लिहा, हलक्याफुलक्या असाव्यात, असं संपादकांचं पत्र आलं. इथल्या, कलकत्त्याच्या मराठी मंडळात मी हॉकीच्या काठ्या बांधणारा नारायण जीनगर म्हणून माहीत आहे आणि गणपतीत चार गमती सांगतो, त्यावरून त्यांचा तसा समज झाला असणार. गमती आहेत, एक-दोन सांगतोही. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट वर येते आणि अजून डोकं तापतं. बायको म्हणते, "अहो, तो लाहिडी जाऊनही वर्षं झाली, आता सोडा की." नाही सुटत. नुसता लाहिडीवरचा राग असता तर कदाचित सुटला असता.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. घोड्यांची जिनं, लगाम, पट्टे शिवणं हा घरचा धंदा. आजोबा पलटणीबरोबर फोर्ट विल्यमला आले, वडील तिथल्याच तबेल्यात कामाला लागले. पुढे पलटणीतले घोडे गेले आणि मोटारी आल्या. मोटारीला जीन लागत नाही. वडिलांनी धरमतल्ल्याच्या एका गल्लीत आठ फुटांचा गाळा घेतला आणि हॉकीच्या काठ्या बांधायला सुरुवात केली, कारण मैदान पायी दहा मिनिटांवर होतं आणि त्या काळी पावसाआधीचे तीन-चार महिने कलकत्त्यात हॉकीशिवाय दुसरं बोलणं नसे. फुटबॉल पावसाबरोबर यायचा. तोवर शहर आमचं.

बाहेरच्यांना वाटतं, काठी म्हणजे एक लाकूड. काठीचं खालचं वाकडं डोकं तुतीचं असतं आणि दांडा वेताचा. वेताच्या चिपा, त्यांच्यामध्ये रबराच्या पातळ पट्ट्या, हे सगळं सरसाने चिकटवून पाचरीसारखं तुतीत बसवायचं, वरून मेण लावलेला दोरा घट्ट ओढत गुंडाळायचा. तो सांधा सुटला की काठी गेली. पण सांधा कोणीही शिकेल. खरं काम मुठीचं. मूठ जाड झाली तर मनगट फिरत नाही, बारीक झाली तर ऐन फटक्याला काठीच हातात फिरते.

मुठीचं माप आम्ही फूटपट्टीने घेत नसू. वडिलांनी घोड्याच्या पट्ट्यांचीच रीत इकडे आणली. चामड्याची अरुंद पट्टी दांड्याभोवती गुंडाळत जायची, गिऱ्हाइकाला डाव्या हाताने धरायला सांगायचं, कारण काठीच्या वरच्या टोकाला डावा हात असतो. बोटांची टोकं तळव्याला नुकती टेकली की तिथे पट्टीला आरीने भोक पाडायचं. पट्टीवर शाईने नाव लिहायचं आणि भिंतीवर खिळ्याला टांगायची. पुढच्या मोसमात पुन्हा माप. हात बदलला असेल तर नवं भोक. माझ्या गाळ्याच्या भिंतीवर मैदानावरच्या सगळ्या चांगल्या डाव्या हातांच्या पट्ट्या लोंबत असत आणि त्याचा मला फार गर्व होता. हा गर्व लक्षात ठेवा, तो पुढे नडणार आहे.

विक्षिप्त गिऱ्हाइकं पुष्कळ. इंग्रज जायच्या वर्षी एक मेजर आपल्या मेलेल्या घोड्याचं जीन घेऊन आला. म्हणाला, याच्या चामड्याच्या सहा मुठी कर, घोडा बरोबर नेता येत नाही. मी सहा केल्या आणि त्याने त्या सहाही माझ्यासमोर हुंगून बघितल्या. एक गोलकीपर होता, मूठ बांधताना समोर स्टुलावर बसून राहायचा. मध्ये कोणी शिंकलं की उलगडून पहिल्यापासून बांधायला लावायचा. उन्हाळ्यात मला सर्दी झाली त्या वर्षी मी त्याच्यापुढे हात जोडले होते.

आता बर्टीकडे येतो.

बर्टी अँग्लो-इंडियन. डमडमला एका कारखान्यात फिटर होता आणि ज्या क्लबाकडून खेळायचा त्याचं नाव मी लिहीत नाही, जाणकारांनी तर्कही करू नये. क्लबात तो अकरा मोसम हाफबॅक म्हणून खेळला, पण त्याला संघात ठेवला होता एका कामासाठी. पेनल्टी कॉर्नरला चेंडू हाताने अडवायचा. आजच्या पोरांना हे ठाऊक नसेल, तेव्हाच्या नियमात ते बसायचं. गोलरेषेवरून आपला गडी चेंडू जोरात बाहेर मारतो. गोलासमोरच्या अर्धगोलाच्या कडेला एकजण गुडघा टेकून उजव्या हाताचा तळवा जमिनीला लावून तो अडवतो. चेंडू थांबला पाहिजे, नाहीतर गोलात मारता येत नाही. तेवढ्यात समोरून चार-पाच गडी काठ्या घेऊन अंगावर धावून येत असतात आणि मागे आपला मारणारा काठी उचलून तयार असतो. अडवणाऱ्याने हात वेळेवर काढला नाही तर बोटं गेली.

क्लबाचा मारणारा हरनाम. गोल त्याच्या नावावर, हार त्याच्या गळ्यात, पेपरात फोटो त्याचा. बर्टीचा नुसता हात. पण तो हात बघायला मी काम टाकून जायचो. चेंडू तळव्यात यायचा आणि गप्प व्हायचा. त्याहून मोठी कला पुढची. बर्टी हात सरळ वर उचलायचा, चेंडूला नखही न लावता, आणि अंग चोरून बाजूला व्हायचा. चेंडू जिथे होता तिथेच राहायचा. हरनामने एकदा माझ्याजवळ कबूल केलं की मी चेंडू बघतच नाही, बर्टीचा हात वर गेला की त्याच्या खाली मारतो.

गॅलरीला यातलं काही दिसत नसे. शेवटच्या दोन मोसमांत बर्टी धावण्यात कमी पडायला लागला होता, तेवढं मात्र दिसायचं. त्याच्या बाजूने कोणी चेंडू काढून नेला की तिसऱ्या पायरीवरून आरोळी यायची, "ए बुडो, बाडी जा." म्हाताऱ्या, घरी जा. तिसऱ्या पायरीचे पुढारी निमाईबाबू. तागाच्या कचेरीत कारकून, हातात बारमाही छत्री, आणि क्लबाचा एकही सामना न चुकवलेला माणूस. बर्टी तेव्हा सदतीस-अडतीसचा असेल.

त्या वर्षी बर्टी माझ्याकडे भर दुपारी यायला लागला. दुपारी गाळ्यात कोणी नसतं. डाव्या हाताची दोन बोटं पूर्वी काठ्या लागून मोडली होती, ती आता मिटेनात. मूठ जाड करून दे म्हणाला. मी माप घेतलं, नवं भोक पाडलं. महिन्याने पुन्हा आला, पुन्हा भोक. चार महिन्यांत चार भोकं झाली. आम्ही बाजारी हिंदीत बोलायचो, इथे मराठीत लिहितो.

"एवढा मोसम धरून ठेव, नारायण," तो म्हणाला. "यंदा फायनलला पोचतोय आम्ही. फायनल खेळेन आणि माझा मी काठी खाली ठेवीन. कोणी काढून घेण्याआधी."

एवढंच त्याला हवं होतं. अकरा वर्षांत त्याने दुसरं काही मागितल्याचं मी ऐकलं नाही. कोणाला सांगू नकोस, असं तो म्हणाला नाही. भर दुपारी येणाऱ्या माणसाने ते वेगळं सांगायला हवं होतं का?

पंधरा दिवसांनी क्लबाचे सेक्रेटरी लाहिडीसाहेब आपल्या गोल्फच्या पिशवीचा पट्टा शिवून घ्यायला आले. रेशमी पंजाबी म्हणजे बंगाली झब्बा, सोनेरी काडीचा चष्मा, हॉकीची काठी जन्मात हातात धरलेली नाही. पट्टा शिवून होईपर्यंत भिंतीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे काय लटकवलंयस, नारायण? चप्पल-बिप्पल करतोस की काय?"

झालं. मला चेव आला. चप्पल म्हणतो म्हणजे काय. मी सुई खाली ठेवली आणि सगळं शास्त्र सांगितलं. माप कसं घेतात, भोक कुठे पाडतात, पट्टी बघून माणसाचा हात कसा वाचता येतो. हरनामची पट्टी दाखवली, सहा वर्षांत एकच भोक. साहेब मान डोलवत होते. मला वाटलं, पहिल्यांदाच या माणसाला कारागिरी कळतेय. म्हणाले, "आणि एका पट्टीवर जास्त भोकं असली तर?"

"तर हात गेला, साहेब. ही बघा, बर्टीची. चार महिन्यांत चार. बोटं मिटतच नाहीत. मी मूठ जाड केली नसती तर काठी उडून गॅलरीत गेली असती."

हे मी म्हणालो. माझ्या तोंडाने, माझ्या गाळ्यात, हसत. माझी मूठ किती भारी हे सांगायला मी बर्टीचा हात विकला. आणि जे सांगायला हवं होतं ते सांगितलंच नाही. साहेब, हा डावा हात. चेंडू अडवतो तो उजवा. उजव्याचं एकही बोट आजवर वाकडं झालेलं नाही. आणि अडवायला मूठ मिटावी लागत नाही, तळवा उघडा लागतो. ही चार वाक्यं होती. पट्टा शिवून झाला होता, साहेबांनी तो खांद्याला लावून बघितला आणि ते गेले. मी खुशीत होतो.

सामन्याच्या आदल्या दिवशी संघाची यादी क्लबाच्या तंबूबाहेरच्या फळ्यावर लागते. आमच्या मैदानावर क्लबाच्या घराला तंबूच म्हणतात, विटांचं बांधलं तरी. त्या आठवड्याच्या यादीत बर्टी नव्हता. त्याच्या जागी एका मेंबराचा पुतण्या होता. खाली दोन ओळी लिहिल्या होत्या की हाताच्या दुखापतीमुळे बर्टी यांनी निवृत्ती घेतली आहे, क्लब त्यांचा ऋणी आहे. ती यादी बघितल्यावरच बर्टीला आपण निवृत्त झाल्याचं कळलं. कारखान्यातून सुटून तो सरावाला आला होता, बगलेत काठी घेऊन. फळ्यापासूनच मागे वळला आणि डमडमला परत गेला, असं क्लबाच्या माळ्याने मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सामना, साखळीतला; एखाद-दुसरा हरला तरी सेमीफायनलची जागा पक्की होती. समोरचा संघ साधा होता. आमच्या क्लबाला पहिल्या अर्ध्यात चार पेनल्टी कॉर्नर मिळाले. पुतण्या चांगला क्रिकेट खेळायचा, विकेटच्या मागे उभा राहायचा, म्हणून साहेबांना वाटलं असणार की हात म्हणजे हात. पहिला चेंडू त्याच्या बोटांवरून उडाला. दुसरा तळव्यात आला पण त्याने हात काढताना चेंडूही बरोबर ओढला आणि हरनामची काठी रिकाम्या जमिनीवर आपटली. त्या फटक्याचा आवाज मला गॅलरीत ऐकू आला आणि सांधा सुटला हे कळलं. तिसऱ्याला पुतण्याने भिऊन हातच लावला नाही. चौथाही वाया गेला. तिसऱ्या पायरीवर निमाईबाबू उभे राहिले. त्यांच्या डोक्यात काय प्रकाश पडत होता ते मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. अकरा वर्षं जे समोर घडत होतं ते नाहीसं झाल्यावर त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या अर्ध्यात आणखी तीन वाया गेले आणि क्लब एका गोलने हरला. मग जे सुरू झालं ते मी मैदानावर फार थोड्या वेळा बघितलं आहे. इथे चहा मातीच्या पेल्यातून पितात आणि पिऊन झाला की पेला फोडतात. लोक रांगेने तंबूपाशी गेले आणि एकेकाने आपला पेला साहेबांच्या दारावर फोडला. चहावाल्याचे पेले संपले तेव्हा न प्यायलेलेही विकत घेऊन फोडले. "बुडोके फिरिये आनो." म्हाताऱ्याला परत आणा. तीच माणसं, तोच गळा. महिन्यापूर्वी घरी जा म्हणत होती. निमाईबाबूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते छत्रीने दार बडवत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मला त्यांची छत्री हिसकावून मोडावीशी वाटली.

साहेब शेवटी दारात आले. शांतपणे म्हणाले, "माझ्यावर का ओरडता? धरमतल्ल्याच्या नारायणला विचारा. त्यानेच मला पट्टी दाखवून सांगितलं, बर्टीचा हात गेला म्हणून."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कचेऱ्या सुटल्यावर पंचवीस-तीस माणसं माझ्या गाळ्यासमोर. पुढे निमाईबाबू. बायको डबा घेऊन आली होती, ती दारातच अडकली.

"नारायणबाबू, तुम्ही काय सांगितलंत?" निमाईबाबूंनी विचारलं.

मी भडकलो. स्वतःची चूक असली की माणूस जास्त भडकतो. म्हणालो, "मला विचारता? ए बुडो, बाडी जा, असं कोण ओरडत होतं? मी एकदा बोललो, तुम्ही दोन वर्षं बोलत होतात. गेला तो घरी. तुम्हांला पाहिजे तसंच झालं ना?"

निमाईबाबूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"ओरडलो," ते म्हणाले. "घरच्या माणसावर आपण ओरडतो. माझी मुलं रोज खातात माझ्या शिव्या. पण ती काय मी त्यांना घराबाहेर काढावं म्हणून? तो उठून गेला असता तर आम्ही पाया पडून बसवला असता. ओरडणं आमचं होतं, नारायणबाबू. तुम्ही तर त्याला काढायचा कागदच साहेबांच्या हातात दिलात."

आजही मला वाटतं की ओरडणाऱ्याने आपल्या ओरडण्याला प्रेम म्हणणं ही सोयीची गोष्ट आहे. बर्टीला गॅलरीतून जे ऐकू यायचं ते प्रेम नव्हतं. पण त्या दिवशी माझं तोंड बंद झालं ते झालंच. लोक गेल्यावर बायको म्हणाली, "खरंच बोललात का हो तुम्ही असं?" मी डबा उघडलाच नाही.

मग मी लाहिडीकडे गेलो. साहेब म्हणायची माझी इच्छा त्या दिवसापासून मेली. तंबूच्या पायऱ्यांवर अजून पेल्यांची खापरं पडली होती. मी म्हणालो, उजवा हात शाबूत आहे, त्याला परत घ्या. पाहिजे तर मी तसं गॅलरीसमोर उभा राहून सांगतो.

"हे तू त्या दिवशी सांगायचं होतंस," ते कागद चाळत म्हणाले. "मी तुझ्या कारागिरीवर विश्वास ठेवला. त्यात माझं काय चुकलं?"

पुतण्याला आत घ्यायचं त्यांचं आधीच ठरलं होतं, हे मैदानावरच्या चहावाल्यालाही ठाऊक होतं. त्यांना निमित्त हवं होतं. ते मी शिवलेल्या पट्ट्यासोबत फुकट दिलं. तरीही त्यांचा प्रश्न मी रात्रंदिवस चघळला आहे आणि त्याचा मला अजून राग येतो, कारण तो प्रश्न लबाड होता आणि बिनतोड होता.

पेले फुटतच राहिले. पुढच्या सामन्यालाही तेच. शेवटी कमिटी घाबरली आणि बर्टीला पत्र गेलं की सेमीफायनलला या. निमाईबाबू आणि दहाजण ते पत्र घेऊन डमडमला गेले. बर्टीने त्यांना चहा पाजला, पत्र खिशात ठेवलं, हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. सेमीफायनलला तो आला नाही. क्लब हरला. पुढच्या मोसमात तिसऱ्या पायरीवर दुसऱ्या कोणाला तरी बाडी जा चाललं होतं, ते मी कानाने ऐकलं. पुतण्या वकील झाला. बर्टी वर्षाच्या आत नोकरी सोडून बहिणीकडे गेला, पार दक्षिणेत, आणि कलकत्त्यात परतला नाही.

हे सगळं भराभर लिहून टाकलं, कारण मधलं एक टाळतोय. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी बर्टी माझ्याकडे आला होता. भर दुपारी, नेहमीसारखा. हातात काठी नव्हती.

मी स्टूल पुढे केलं. तो बसला नाही. भिंतीवरची आपली पट्टी त्याने खिळ्यावरून काढली आणि चारही भोकांवरून अंगठा फिरवला.

"तू काय सांगितलंस त्याला?"

"डावा हात मिटत नाही म्हणून."

"खरंच आहे ते." त्याने पट्टी पुन्हा जागेवर टांगली. "आणि उजव्याबद्दल?"

मी नकाराची मान हलवली. माझ्या डोक्यात इतके दिवस जे गाळ्यातून, तंबूतून, निमाईबाबूंच्या तोंडावर ओरडत होतं ते सगळं एकदम गप्प झालं.

बर्टीने उजवा तळवा माझ्या कामाच्या बाकावर ठेवला. बोटं पसरून, सपाट, मैदानावर ठेवायचा तसा. त्यावर चेंडूच्या शिवणीचे जुने व्रण होते, ते मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते.

"घे माप," तो म्हणाला.

मी एक कोरी पट्टी उचलली. आरी उचलली. उघड्या तळव्याचं माप घ्यायची रीत आमच्या धंद्यात नाही. पट्टी कशाभोवती गुंडाळायची? मी दोन्ही वस्तू हातात घेऊन उभा राहिलो आणि तो तसाच वाट बघत राहिला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. समोरून गडी धावून येत असताना जितका वेळ तो थांबायचा त्याहून कितीतरी जास्त वेळ तो थांबला.

मग त्याने हात सरळ वर उचलला, बाकावरच्या कशालाही धक्का न लावता, आणि बाजूला झाला.